ज्वालामुखीत पाणी

ज्वालामुखी पाण्याने काठोकाठ भरला होता आणि त्याच्या खाली बुटक्यांची तालीम चालू होती.

मी आणि माझा फोरमन काशिनाथ विवराच्या कडेवर उभे होतो. गणपतीच्या सुट्टीत साइट बंद होती. तेवढे दिवस पालघरात पाऊस थांबला नव्हता. लाव्हाच्या तळ्यात पाला आणि मेलेले किडे तरंगत होते. काशिनाथ पाम गावचा. फार बोलत नाही. त्याने पाण्यात काठी घातली, ती बुडत गेली. मग म्हणाला, "दादा, ही तर आपलीच टाकी हाय."

ते खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं.

माझा कारखाना कुंभवलीजवळ आहे. आम्ही तारापूरच्या केमिकल कंपन्यांसाठी फायबरच्या टाक्या करतो. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. तिच्यावर रेझिन लावायचं, रेझिनमध्ये हार्डनर घालायचा, की थोड्या वेळात ते दगडासारखं होतं. या लाइनीत मी हेल्पर म्हणून आलो आणि भांडत भांडत मालक झालो. सफाळ्याच्या बाजूला एका शेठनी रिसॉर्ट काढलं. त्यांना हवी होती जिवंत ज्वालामुखीच्या पोटात वसलेली बुटक्यांची खाणवस्ती. दगडी घरं, लोहाराची भट्टी, रुळावरची ट्रॉली, वरून वाहणारा लाव्हा. डोंगराला आतून लोखंडी सांगाडा, बाकी सगळं फायबर. विवराचा तळ लाल आणि अर्धपारदर्शक करायचा, खालून दिवे सोडायचे, म्हणजे लाव्हा पेटल्यासारखा दिसतो. तोच तळ म्हणजे खालच्या भट्टीच्या दालनाचं छत.

पहिल्याच मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, पाणी जायला ड्रेन कुठे? डिझायनर रेवती मॅडम हसल्या. "मिस्टर मोरे, ज्वालामुखीला ड्रेन असतो का?" सगळे हसले. वर पारदर्शक छत येणार होतं, त्यामुळे पाणी येणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये घरांची दारं बुटक्यांच्या मापाची होती. गिऱ्हाईक आत जाणार ते रांगत. मॅडम दार वाढवायला तयार नव्हत्या. मग मी सौदा केला. दार माझ्या उंचीचं, ड्रेन तुमच्या मर्जीचा. त्या कबूल झाल्या आणि मी खूश होऊन बाहेर पडलो.

पुढे शेठना वाटलं की छतामुळे आकाश झाकलं जातं. छत रद्द झालं. हे मला कोणी सांगितलं नाही. पार्किंगच्या फरशीचा रंग बदलला तेव्हा मला फोन आला होता. छताचा आला नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

आमच्या बाजूची गोष्टही सांगतो. टाकी करणाऱ्या माणसाच्या हाताला गळणारी वस्तू करता येत नाही. ॲसिडची टाकी गळली तर खालचा माणूस भाजतो, म्हणून जोडांवर आतून जादा थर चढवायची आमच्याकडे सवय आहे. पोरांनी विवरालाही तसेच थर चढवले. वीतभर पाणी भरून टेस्ट घेतली. थेंब गळला नाही, म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटल्या. सजावट करणारा दुसरा कोणी असता तर त्याचा डोंगर चार ठिकाणी गळला असता आणि काही बिघडलं नसतं.

आम्ही धावत खाली गेलो. दालनात आसपासच्या पाड्यांवरची पोरं खोट्या दाढ्या लावून, कमरेला पट्टे बांधून नाचत होती. पावलं सगळी त्यांच्या तारपा नाचाची होती, हातात तेवढ्या कुदळी. शेठ खुर्चीत बसून टाळ्यांनी ताल धरत होते. मी वर पाहिलं. लाल छताच्या मधोमध पांढरी रेघ उमटली होती.

फायबर एकदम फुटत नाही. ताण आला की आधी पांढरं पडतं, मग आतून बारीक टकटक ऐकू येते. काचेचे धागे एकेक करून तुटत असतात. ढोलकी चालू असल्यामुळे टकटक ऐकू येत नव्हती. रेघ मात्र दिसत होती, आणि मी बघत असताना ती लांबली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल पाणी म्हणजे एक टन. वर त्याच्या कितीतरी पट होतं.

मी शेठना म्हणालो, सगळ्यांना बाहेर काढा. ते म्हणाले, हा नाच संपू दे, दहा मिनिटं. पंप मागवू बोईसरहून. मी म्हणालो, पंप येईपर्यंत छत खाली येईल. मला कडेला भोक पाडायचंय. त्यांनी मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडम म्हणाल्या, लाव्हाच्या फिनिशला हात लावायचा नाही.

माझा आवाज चढला. पण बोलताना मी सौद्याचंच बोललो.

"शेठ, दहा मिनिटं दिली. फक्त तुमची खुर्ची त्या रेघेखाली घ्या. तुम्ही तिथे बसा, मी इथे थांबतो."

ढोलकी थांबली. त्या शांततेत वरून टक असा आवाज आला. मग पुन्हा एक.

शेठ उठले. "चलो, सब बाहर," म्हणत स्वतःच आधी निघाले. पोरं दाढ्या हातात घेऊन पळाली.

काशिनाथने मेन स्विच पाडला, कारण लाव्हाखाली दिव्यांच्या वायरी होत्या. मग हत्यार शोधायला लागलो. खाणवस्तीत भिंतीभर कुदळी आणि घण टांगलेले, पण सगळे आमच्याच हातचे, फायबरचे. खाणीत एक खरी कुदळ नव्हती. शेवटी माळ्याची पहार मिळाली. बाहेरच्या परांचीवर चढून काशिनाथने विवराच्या कडेला, तळाच्या जरा वर, घाव घातले. आमचे जादा थर लवकर तुटेनात. तो मला शिव्या देत होता आणि मी रेझिनला.

मग भोक पडलं. चिखलाचं पाणी लाव्हाच्या वाटेने खाली धावलं. ट्रॉली रुळावरून उतरवली, भट्टीतला खोटा निखारा थेट पार्किंगमध्ये नेऊन टाकला. छत राहिलं. कोणाला ओरखडाही आला नाही.

नंतर तो तळ आम्ही नवा केला आणि खाली लोखंडी आधार वाढवला. भोक बुजवू का, असं विचारलं तर मॅडम आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, राहू दे. त्याला त्यांनी दगडी कमान लावून घेतली, शेजारी पहार घेतलेला एक बुटका उभा केला. आता पाऊस पडला की तिथून धबधबा पडतो. लोक सगळ्यात जास्त फोटो तिथेच काढतात. उद्घाटनाला शेठनी माइकवर सांगितलं की ही मॅडमची कल्पना. काशिनाथ माझ्या शेजारी बसला होता. त्याने माझा हात धरून ठेवला, म्हणून मी खुर्चीतून उठलो नाही.

तेव्हापासून माझ्या कोटेशनची पहिली ओळ अशी असते: पाणी कुठून जाईल ते आम्ही ठरवू. बाकी सगळ्यावर बोलणी करायला मी तयार आहे. या ओळीमुळे काही गिऱ्हाइकं उठून गेली. मी त्यांना परत बोलावलं नाही.