गाळलेला परिच्छेद

आमच्या घरी दोन पेपर येतात. एक सासऱ्यांचा, एक माझा. पेपरवाला दोन्हींची एकच गुंडाळी करून, एकाच्या पोटात दुसरा घालून, कडीला अडकवून जातो. त्या दोन पेपरांची दिवसभरात तेवढीच काय ती दोस्ती. लग्न होऊन वर्तकनगरच्या या घरात आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "मला माझा पेपर लागेल." मी काहीतरी मोठं मागणार या धास्तीने बसलेला नवरा एकदम खूश झाला. सासऱ्यांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघत "कुठला?" असं विचारलं. मी नाव सांगितलं. ते "हं" म्हणाले. आमची पुढची बावीस वर्षं त्या "हं"वर निघाली.

भांडण असं कधी झालं नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, सभ्य गृहस्थ आहेत. मी तशी नाही, पण सून होते. दुपारी घरात कुणी नसताना ते माझा पेपर वाचत आणि वाचल्याचं कळू नये म्हणून मूळच्या घडीवर घडी घालून ठेवत. ती घडी माझ्या घडीपेक्षा इतकी नीट असायची की लगेच कळायचं. मी त्यांचा पेपर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर वाचायची, तोही उभ्या उभ्या. बसून वाचला तर पटतोय असं दिसेल, अशी माझी समजूत होती. अग्रलेख वाचायचा, तळपायाची आग मस्तकात न्यायची आणि मग कणीक मळायला घ्यायची. आमच्या घरच्या पोळ्या मऊ होतात त्याचं थोडं श्रेय त्या संपादकांना द्यायला हवं.

त्या पेपरचं सर्वसाधारण म्हणणं असं, की या देशात जे काही बिघडलं ते संप करणाऱ्यांनी बिघडवलं. बाबांना हे शंभर टक्के मान्य. स्वतः ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. युनियनने संप केले, यांचे पगार वाढले, आज पेन्शन वेळेवर येतं. पण हे त्यांना सांगायचं कुणी? माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होते आणि युनियनचे साधे सभासद होते. मी शाळेत असताना एके सकाळी ते डोंबिवलीहून कामावर गेले आणि दुपारी परत आले. गेटला कुलूप होतं. त्यानंतर ते एका इमारतीवर वॉचमन म्हणून राहिले, शेवटपर्यंत. त्या कंपनीच्या जागी आता काचेची उंच इमारत आहे आणि तिच्या पलीकडच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. बाबांना माझे वडील "कंपनीत होते" एवढंच माहीत होतं. लग्नाच्या बोलण्यात तेवढंच सांगितलं गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे रिक्षाने खेपा झाल्या, डोळ्यात इंजेक्शनं झाली. त्यांचं वर्णन ऐकूनच मी दवाखान्याबाहेर जाऊन उभी राहायची, बाबा मात्र केस कापून आल्यासारखे बाहेर यायचे. तरी व्हायचं ते झालंच. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं झालं. ते चालू शकतात, जिना उतरू शकतात, समोरून कोण येतंय ते चालण्यावरून ओळखतात. वाचता मात्र एक अक्षर येत नाही.

"कट्ट्यावर कुणाला सांगायचं नाही," ते म्हणाले.

कट्टा म्हणजे आमच्या कॉलनीच्या बागेतले दोन दगडी बाक. रोज संध्याकाळी तिथे पाचसहा म्हातारे जमतात आणि देश चालवतात. बाबा त्यांतले मुख्य. "मी पेपर शब्दन् शब्द वाचतो," हे त्यांचं तिथलं भांडवल. ते गेलं तर तिथे जाऊन करायचं काय? म्हणून रोज सकाळी डबे भरून झाले की मी स्वयंपाकघरात त्यांना त्यांचा पेपर वाचून दाखवायला लागले. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून. आमच्या मुलीने मोबाइल वाचून दाखवतो हे पटवायचा खूप प्रयत्न केला, पण मोबाइलमधली बाई अग्रलेख आणि हवामान एकाच सुरात वाचते, असं म्हणून बाबांनी तिला काढून टाकलं.

माझंही वाचन त्यांना पसंत नव्हतं. "अगं, धोब्याची यादी वाचल्यासारखं काय वाचतेस? जरा विश्वासाने वाच."

"विश्वास नाही तर कुठून आणू?"

"नसला तरी आवाजात आण. आणि पूर्णविरामाला थांब, सुस्कारा टाकू नकोस."

मी शिकले. इतकी शिकले की एकदा नवरा आंघोळीहून आला तो दारातच थबकला. त्याला वाटलं, मी पक्ष बदलला. नावडता पेपर मोठ्याने वाचण्यात एक गंमत असते. मनात वाचताना आपण मधेमधे शिव्या देऊन घेतो. मोठ्याने वाचताना तशी सोय नसते. समोरचा काय म्हणतोय ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, तेही आपल्याच तोंडून. कधी कधी एखादं वाक्य बरोबर निघायचं आणि माझी फार पंचाईत व्हायची.

मग मला हळूहळू शिंगं फुटली. आधी मी विशेषणं गाळायला लागले. "निर्लज्ज मागण्या"मधलं निर्लज्ज गेलं, नुसत्या मागण्या राहिल्या. बाबांच्या लक्षात आलं नाही. उलट "हल्ली संपादक जरा सौम्य झालेत," असं ते एकदा म्हणाले. मला उकळ्या फुटल्या. संपादकांना परस्पर सुधारण्याची संधी किती वाचकांना मिळते?

आणि एका सकाळी तो अग्रलेख आला. कुठला तरी संप चालू होता, त्यावरून लेखकमहाशय फिरत फिरत ठाण्यात आले. वागळे इस्टेटमधले कारखाने मालकांनी नाही, कामगारांच्या हावरेपणाने बंद पडले, आणि त्या जागी आता चकचकीत कार्यालयं उभी राहिली हे एका परीने बरंच झालं, असं त्यांनी लिहिलं होतं. सबंध परिच्छेद होता. मला तो वाचवेना. मी पान उलटल्याचा आवाज केला आणि पुढच्या परिच्छेदावर उडी मारली. बाबा चहा पीत ऐकत होते. एवढंच झालं.

त्यानंतर बाबा कट्ट्यावरून लवकर घरी यायला लागले. जेवण कमी झालं. "कट्ट्यात राम राहिला नाही," म्हणायचे. काय झालं ते सांगायचे नाहीत. मला वाटलं, डोळ्यांमुळे उदास झाले असतील.

दोनतीन आठवड्यांनी त्यांच्या कट्ट्यावरचे एक काका मला जिन्यात भेटले. हे काका म्हणजे बाबांचे पक्के विरोधक. वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, उभं आयुष्य लेथ मशिनवर गेलं. बाबांचा पेपर ते मुद्दाम विकत घेतात, संध्याकाळी बाबांना त्याच्यावरून झोडपायला. एरवी त्यांचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, त्या दिवशी मात्र ते हळू बोलत होते.

"सूनबाई, एक सांगायचं होतं. राग मानू नका. तुमच्या सासऱ्यांना एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवून घ्या."

"का हो काका? काय झालं?"

"अहो, त्या दिवशी अग्रलेख आलेला ना, आमच्या कारखान्यांवरचा? मी म्हटलं, काय हे छापलंय तुमच्या पेपरने! तर म्हणतात, असं काही छापलेलंच नाही, मी शब्दन् शब्द वाचलाय. ऐकेचनात. मग मी घरी जाऊन पेपर आणला, समोर धरला, म्हटलं वाचा. तर म्हणतात, चष्मा घरी राहिला." काका थांबले. "चष्मा डोळ्यांवर होता हो, सूनबाई."

मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, आता त्यांच्याशी वाद घालायचा नाही," काका म्हणाले. "काय म्हणतील त्याला हो ला हो म्हणायचं. बिचारे विसरायला लागलेत. तुम्ही काळजी घ्या."

त्या संध्याकाळी भाजी फोडणीला न टाकताच मी बाबांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. गाळलेली विशेषणं, गाळलेला परिच्छेद, काका जिन्यात काय म्हणाले ते.

"म्हणजे माझं डोकं गेलंय असं वाटतंय त्यांना?"

"हो."

"म्हणून सगळे 'बरोबर, बरोबर' म्हणताहेत होय." ते स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, "मला वाटलं, शेवटी पटलं यांना."

मला फार वाईट वाटलं. तुम्ही मला रागवा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "आधी तो परिच्छेद वाच." मी रद्दीतून पेपर शोधून आणला आणि वाचला. विश्वासाने नाही, पण पूर्ण वाचला.

"पटला?" मी विचारलं. मला आशा होती, खोटं कशाला सांगू.

"पटला," बाबा म्हणाले. "बराचसा."

मग मात्र माझं डोकं सटकलं. बावीस वर्षांत सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता, तो सगळा एकदम चढला. "माझ्या वडिलांचा हावरेपणा काय होता माहितीये तुम्हाला? दुसऱ्या पाळीला कँटीनमध्ये चहा गरम मिळावा, ही मागणी घेऊन गेले होते ते साहेबाकडे. तेवढी एकच मागणी त्यांनी स्वतःच्या तोंडाने केली आयुष्यात. आणि गेटला कुलूप लागल्यावर ते दुसऱ्यांच्या गेटवर बसले, लोकांच्या गाड्या आत घ्यायला!"

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"तूही कधी माझ्याशी भांडली नाहीस," बाबा म्हणाले. "उभ्याने पेपर वाचायचीस आणि कणकेवर राग काढायचीस. मला काय आवाज येत नव्हता?"

मग आम्ही तासभर भांडलो. मालक, युनियन, सरकार, कुणाला सोडलं नाही. नवरा ऑफिसातून आला, आम्हा दोघांकडे बघून त्याने स्वतःच भाजीला फोडणी दिली आणि ती करपवली. बाबा त्या रात्री तीन पोळ्या जेवले. वाद तिथेच राहिला, कुणीच माघार घेतली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर कट्ट्यावर चल. तो पेपर घे."

रविवारी संध्याकाळी बागेत सगळे होते. बाबा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मला दोन वर्षं वाचता येत नाही. डोळे गेलेत. डोकं जागेवर आहे. पेपर मला ही वाचून दाखवते, आणि तो परिच्छेद हिने गाळला होता. आता ती वाचेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. तरी वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

"आणि हे मला पटतं," बाबा टर्नर काकांच्या दिशेला तोंड करून म्हणाले. "कारखाने तुम्हीच बुडवलेत."

एकाने "बसा हो, बसा," म्हणत बाबांचा दंड धरला. दुसऱ्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "बरोबर आहे तुमचं," तिसरे म्हणाले, "आता डोळ्यांना जपा, कशाला तो विषय?" बाबांचे खांदे उतरले. इंजेक्शनं घेऊन बाहेर येताना हा माणूस कधी असा दिसला नव्हता. मला ते बघवेना.

"काका," मी टर्नर काकांना म्हटलं, "तुम्ही बोला की."

काका चपलेच्या टोकाने माती उकरत होते. "असू दे, सूनबाई," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "असू दे." आणि मग एकदम ताडकन उठले. "काय असू दे? मालकाने आमची मशिनं ट्रकात घालून दुसऱ्या राज्यात नेली, तेव्हा हे टेलिफोन खात्यात पंख्याखाली बसून होते! आम्ही गेटसमोर उन्हात! आणि म्हणे आम्ही बुडवले! अहो, तुम्हाला कशातलं काही कळत नाही, कधी कळलं नाही आणि कळणारही नाही!" आवाज पार आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. शेंगदाण्याची पुडी पुढे करणाऱ्यांनी ती मागे घेतली. काका बाबांच्या अगदी पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते बाबांना दिसत नव्हतं. "डोळे गेले म्हणून तुम्हाला माफी नाही, सांगून ठेवतो!"

"मागितली कुणी?" बाबा म्हणाले, आणि बाकावर बसून, बाजूला सरकून, त्यांनी काकांना शेजारी जागा करून दिली.