ताईचं नाक

माझ्या थोरल्या बहिणीने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. त्या नाकावरच तिची नोकरी होती. तिच्या प्रयोगशाळेत उकडलेल्या धान्यावर एक हिरवी बुरशी वाढवतात. ती कांद्याच्या वाफ्यात मिसळली की मुळं कुजवणाऱ्या बुरशीला पुरून उरते. गोची एवढीच, की पिशवीत भलतीच बुरशी शिरली तरी तीही हिरवीच दिसते. खरीला खोबऱ्यासारखा वास येतो. तपासणीला शंभरातली एक पिशवी जायची, बाकीच्या ताई हुंगून पास करायची. अठरा वर्षांत एकही चुकली नाही. साहेब तिला ‘यंत्र’ म्हणायचे आणि बाई फुशारून जायच्या.

यंदा आमच्या कांद्याला तिनेच पास केलेल्या पिशव्या घातल्या. दीड महिन्यात पात पिवळी पडली. रोप ओढलं की अलगद हातात यायचं, मुळं कुजलेली, बुडाला कापसासारखी पांढरी बुरशी.

"तुझ्या ताईला विचार," नवरा म्हणाला. मला राग आला तो त्याचाच.

उरलेली पिशवी घेऊन मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. पिशवी उघडली तर ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. मी ती तिच्यापुढे धरली.

"छान आहे की. खोबरं नुसतं."

तिच्या पाठीमागे गॅसवर दूध करपत होतं. मला ते दारातूनच कळलं होतं.

"ताई, दूध करपलंय."

तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"तापानंतर वास गेला," ती म्हणाली. "आज येईल, उद्या येईल म्हणून कुणाला बोलले नाही. सहा महिने झाले."

"आणि पिशव्या?"

"रंग बघून सोडल्या."

थोरल्या बहिणीला बोलू नये ते सगळं मी बोलले. अजून लाज वाटते, आणि अजून रागही जात नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून साहेबांना सांगितलं. मग पिशव्या नेलेल्या एकेका शेतकऱ्याला स्वतः फोन केले. न वापरलेल्या पिशव्या परत आल्या. तिला बाटल्या धुवायला बसवलं.

रविवारी ती शेतावर आली. वाफ्यात बसली, एक कांदा उपटला आणि माझ्या नाकाशी धरला.

"कसला वास येतोय?"

सडका दर्प डोक्यात गेला. तिच्याकडे बघून मी म्हणाले, "मातीचा."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "सहा महिने मी बोलले, ते पुरे झालं."