लाडवाचा डिंक आणि शाळेचा फळा

भिवाभाऊ जाऊन वर्ष व्हायला आलं. तरी त्यांचं नाव निघालं की मला आधी ते भांडणच आठवतं. चाळीस वर्षं झाली त्याला. त्यांची अन् आमची भिंत एकच, त्यामुळं मुद्दाम कान लावायची गरज न्हवती. त्यांची बायको दुर्गाबाई तेव्हा पाच दिवसांची बाळंतीण, अन् तिच्या लाडवासाठी ठेवलेला बाभळीचा डिंक नवऱ्यानं शाळेच्या फळ्यासाठी उचलला.

"बाळंत मी झाले का तुमचा फळा?" एवढंच तिनं विचारलं. थोड्या वेळानं अर्धा डिंक डब्यात परत पडल्याचा आवाज आला.

भिवाभाऊ रंगारी. दर मे महिन्यात गावच्या शाळेचे भिंतीवरचे तिन्ही फळे काळे करायचं काम त्यांचं. दिव्यावर खापर पालथं धरून काजळी जमवायची अन् डिंकाच्या पाण्यात घोटायची. जमलं तर ते काळं बादलीत दह्यासारखं बसायचं, कुंचला फिरवला की पाणी व्हायचं, अन् भिंतीवर गेलं की जागच्या जागी थांबायचं, ओघळ न्हाई. त्या साली अर्ध्या डिंकात मात्र सगळ्या गुठळ्या झाल्या. फळा वाळला तर चिखलात लोळलेल्या म्हशीच्या पाठीसारखा दिसला. हेडमास्तरांनी खरवडून पुन्हा करायला लावला.

भिवाभाऊला हे कोडं जन्मभर सुटलं न्हाई. मला म्हणायचे, मीठ कमी पडलं तर भाजी अळणी होती, नासत तर न्हाई. मंग डिंक कमी पडला तर काळं कशानं नासतं? मी तिसरी शिकलेली, मी काय सांगणार?

त्या भांडणापासून त्यांनी एक नेम धरला. डिंक आणला की पहिली मूठ दुर्गाबाईच्या डब्यात, उरलेला फळ्याला. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी मूठ चुकली न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना बाभळी गेल्या. दोन दिवस फिरून भिवाभाऊला दोनच मुठी मिळाल्या. त्यात शाळेच्या प्रियदर्शनी मॅडमनी आधीच सांगितलं होतं की यंदा फळ्याचे पोपडे निघाले तर जालन्याहून तयार फळे आणू. आपण हयात असताना आपलं काळं भिंतीवरून उतरू नये, एवढंच भिवाभाऊचं म्हणणं.

माझी नात साक्षी संभाजीनगरला रंग-रसायनाचं असलंच काही शिकती. सुट्टीला आल्ती, तर भिवाभाऊ दोन मुठी घेऊन तिच्यापुढं बसले. ती म्हणाली, काजळीचा एकेक कण डोळ्याला दिसत न्हाई एवढा बारीक, अन् डिंक त्याच्या अंगावर केसांसारखा उगवतो. अंगभर दाट केस असले की कण एकमेकांना जवळ येऊ देत न्हाईत, म्हणून काळं मोकळं वाहतं. केस विरळ पडले की एकच केस दोन कणांना धरतो, अन् गुठळी होती.

"आबा, एक मूठ घालण्यापेक्षा न घातलेली बरी," ती म्हणाली. "दोन्ही घाला, तरी कमीच पडंल."

भिवाभाऊ माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. धरलं म्हणून बिघडतं अन् ढकललं म्हणून जमतं, हे काही आमच्या दोघांच्या डोक्यात शिरलं न्हाई. अन् ढकलाढकलीच चालली असंल तर बादलीत दही कशानं बसतं? तिनं तेही सांगितलं. मी मान हलवली.

एवढं मात्र भिवाभाऊला कळलं की यंदा नेम मोडला तरी फळा होत न्हाई. ते डिंक घेऊन घरी गेले. मी भिंतीशीच भांडी घासत होते.

दुर्गाबाईनं माळ्यावरून डबा उतरवायला लावला. डबा डिंकानं काठोकाठ भरलेला, हे तिनंच मला मागनं सांगितलं.

"शेवटचं बाळंतपण होऊन तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "एवढ्या डिंकाचे लाडू खायला गावात पोटं तरी हाईत का? न्या."

"मंग आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमी कधी विचारलं?"

तिन्ही फळे असे झाले की मॅडमनी हात फिरवून बघितला, बोटाला काही लागलं न्हाई. ते भिवाभाऊचं शेवटचं काम. पण कामाला निघायच्या सकाळी बादली उचलायच्या आधी ते पुन्हा आत गेले, अन् नव्या डिंकाची एक मूठ रिकाम्या डब्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. मंग कुंचला काखेत मारून ते शाळेकडं निघाले.