चोपरेघ

कुंदा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच पुस्तकाची प्रुफं तपासत होते... एका शब्दावर अडून तिलाच फोन लावायच्या बेतात होते. त्याला महिना होत आला. संपादकांचं म्हणणं, ‘चोपरेघ’ कुठल्याच कोशात नाही, ‘तडा’ करा.

रोह्याच्या कॉलेजात ती भूगर्भशास्त्र शिकवायची, मी मराठी. कुंदा धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्यांची लेक. पेणहून रोज यायची. आधी तिचा आवाज यायचा, मग ती. तिचा सगळा जीव वालुकाश्मात. आपल्याकडे जिकडेतिकडे काळा कातळ, म्हणून लांबून आणलेला एक तांबूस तुकडा ती जपायची. त्यात एक पांढुरकी रेघ उठून दिसे. पुस्तकाची भाषा तपासताना त्या रेघेचा मी, तिला न विचारता, ‘तडा’ करून टाकला. शहाणपणा नडला. बाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग एका रविवारी तिने मला पेणला घरी बोलावलं आणि त्या दगडावर थेंब थेंब पाणी सोडलं. ओल पसरत रेघेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तडा असता तर पाणी आत शिरलं असतं, ती म्हणाली. कातळ दाबाखाली तडकतो. वालुकाश्मात कणांच्या मध्ये पोकळी असते, म्हणून कण सरकतात, चुरडतात, एकमेकांत दाटून बसतात. तेवढी पट्टी भोवतालच्या दगडाहून घट्ट होते. तिची आई शेजारी बसून ऐकत होती. मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करण्यात त्या माउलीचा जन्म गेलेला. तिने रेघेवरून अंगठा फिरवला.

“यो फुटलेला नाय गो. चोपलेला हाय.”

कुंदाने तिथेच वहीत ‘चोपरेघ’ लिहिलं. खरं सांगते, मला तो शब्द ओबडधोबड वाटला होता. शेवटच्या भेटीत ती एवढंच म्हणाली, “शब्द राहू दे हं.” मी नुसती मान हलवली, याची आज लाज वाटते.

परवा संपादकांना ठणकावून सांगितलं, कोशात नसेल तर आता येईल. पान छापून आलं, ते घेऊन पेणला गेले. तिच्या आईंना वाचता येत नाही. मी शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवला. त्यांनी कुंदाचा दगड माझ्या ओंजळीत ठेवला.

“बसला का गो घट्ट?”

“बसला, आई.”