पाह्याले आलेली माणसं

आमच्या वऱ्हाडात दोघांना 'पाह्याले' जातात. एक लग्नाची मुलगी आणि दुसरा आजारी माणूस. दोन्हीकडे माणसं घोळक्याने जातात, चहा घेतात, रंगाबद्दल तोंडावर बोलतात आणि उठताना काळजी करू नका म्हणतात. फरक एवढाच, की मुलगी पाहायला नाही गेलं तर चालतं. आजाऱ्याला पाहायला नाही गेलं, तर ते पुढच्या पिढीलाही ऐकावं लागतं.

माझ्या सासूबाई या कामात पटाईत होत्या. गावात कुणी दोनदा शिंकलं, की या पदराखाली संत्री घेऊन हजर. थेट खाटेवर बसायच्या, कपाळाला हात लावायच्या, 'रंग उतरला वं तुहा' म्हणायच्या आणि त्याच दुखण्याने कोण कोण गेलं त्याची आठवण काढायच्या. एवढं ऐकूनही माणसं बरी व्हायची, हे त्या माणसांचं कौतुक.

मी बुलढाण्याजवळच्या आमच्या त्याच गावात, सरकारी दवाखान्यात नर्स होते. महाराष्ट्र नवा, दवाखाना नवा, आणि डॉक्टर तर कोरे करकरीत, पुण्याहून आलेले. हिवाळ्याच्या तोंडावर शहरांतून फ्लूची साथ असल्याचं त्यांच्या रेडिओने सांगितलं, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती आणि त्यांच्यामुळे आम्हालाही. आम्ही गाद्या उन्हात टाकल्या. खाटा एकमेकींपासून दूर सरकवल्या. तोंडाला बांधायला जुन्या धोतराच्या पट्ट्या शिवल्या. लोक औषधासाठी घरून बाटल्या आणायचे, त्यांना रॉकेलचा वास यायचा. त्या सगळ्या मी उकळून काढल्या. गाव म्हणायचं, "फुलू येऊन राह्यला म्हनते. पाव्हना हाये का जवाई?"

शेवटचा नियम सगळ्यात अवघड होता. आजाऱ्याजवळ घरचं एकच माणूस, बाकीच्यांनी बाहेरूनच खिडकीतून बोलायचं. त्यासाठी कंपाउंडरने शाळेतून फक्की आणून खिडक्यांसमोर पांढरी रेष आखली. पहिल्याच दिवशी घोळका आला आणि रेष ओलांडू लागला. डॉक्टर आतून ओरडले, "रेषेच्या पलीकडे जा!" सगळे निमूटपणे रेष ओलांडून आत आले. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. एक म्हातारा मला म्हणाला, "आमी इकडून पलीकडं आलो ना बाई. आता काऊन रागावते हा मानूस?"

मग ते काम मी हाती घेतलं. माझा आवाज लहानपणापासून मोठा, आणि मी काही पुण्याची नव्हे. रेषेवर बोट जरी पडलं तरी मी कबड्डीच्या पंचासारखी "औट!" ओरडायचे. आठवड्याभरात गाव मला इतकं घाबरलं, की लोक दवाखान्यासमोरून जातानाही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाऊ लागले. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आणि मग सासूबाईंनाच फ्लू झाला. ताप चढलेला, छाती भरलेली, तरी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून दवाखान्यात आल्या. जन्मभर त्या गावाला पाहत आल्या होत्या. आता गाव त्यांना पाहायला येणार होतं. माझ्या नवऱ्याला त्यांनी चहाचे जास्तीचे कप आणायला सांगितले.

कुणीच आलं नाही. त्या दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. संध्याकाळी मी औषध घेऊन गेले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

"जिंदगीभर म्या साऱ्या गावाले पाह्याले गेली. मले पाह्याले कोनी कुत्रंही नाही आलं. तुह्या त्या रेघेनं माही इज्जत घालवली."

त्यानंतर त्या औषध फक्त कंपाउंडरच्या हातून घेऊ लागल्या. मला फार वाईट वाटलं. तरी रेष मी पुसली नाही. रात्री त्यांना धाप लागायची, तेव्हा पाठीला टेकू देऊन बसवायला मीच होते. बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. बऱ्या होऊन घरी गेल्या, तरी अबोला तसाच राहिला.

मग मी पडले. त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर. अंग असं दुखत होतं, की पापणी उचलायचा कंटाळा यावा. आता कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. तशी व्यवस्था मीच केली होती.

सकाळी बाहेर गलका झाला. मान वळवून पाहिलं, तर गावातल्या निम्म्या बाया रेषेपाशी दाटीने उभ्या. पुढे सासूबाई, हातात संत्री. त्या माझ्याकडे पाठ करून बायांवर ओरडत होत्या, "मांगं सरका! बोट रेघेवर नाही पाह्यजे! तू औट हायेस वं, हो मांगं!"

मग त्या खिडकीकडे वळल्या. "तुह्याशी बोलाले नाही आली म्या. पाह्याले नाही आली तं लोकं काय म्हनतीन, म्हनून आली."

"आत या ना, आत्याबाई," मी म्हटलं. घरचं एक माणूस चालत होतं.

त्या हलल्या नाहीत. लुगड्याचा पदर तोंडावर घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"माहा खोकला गेला नाही अजून. माह्यापासूनच लागला ना वं तुले?"

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. संत्री कंपाउंडरच्या हाती देऊन त्या दुपारपर्यंत उन्हात रेषेबाहेर बसून राहिल्या. माझा रंग उतरल्याचं त्यांनी चारदा सांगितलं. पण या दुखण्याने गेलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.