जागा सोडून काहीही विचारा

साइटचे फोटो पाठवणार नाही, असं महापौरांनी पुन्हा सांगितलं. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे एक कोरी भिंत तेवढी दिसत होती. मी म्हटलं, निदान मॅपवर पिन टाका. त्यालाही नाही म्हणाले. कॉल संपल्यावर आमचा बॉस लिम माझ्याकडे वळला. "समथिंग फिशी लाह," तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. मलाही तेच वाटत होतं.

मी पाणी शुद्धीकरणातला इंजिनिअर. सिंगापुरात बुकित बातोकला आमचं छोटं युनिट आहे. तिथे आम्ही कंटेनरच्या आत बसवलेले प्लँट बांधतो. नदीचं पाणी एका बाजूने घालायचं, दुसऱ्या बाजूने पिण्याचं घ्यायचं. हे महापौर युक्रेनमधल्या एका शहराचे. हल्ल्यात त्यांचं वॉटरवर्क्स गेलं होतं. हिवाळ्याच्या आत आमचा प्लँट पोचला नाही, तर गोठत्या थंडीत अख्खं शहर टँकरच्या रांगेत उभं राहणार होतं.

आणि माझ्या सहीवाचून प्लँट यार्डातून हलणार नव्हता. आमच्याकडे 'साइट रेडी' नावाची एक सही असते. पाया झालाय, वीज आलीय, पाणी घ्यायची आणि घाण पाणी सोडायची सोय आहे, हे बघून ती करायची. न बघता केली आणि प्लँट तिकडे धूळ खात पडला, तर मान माझी अडकते.

त्यात आधी एक मोठा प्लँट ठरला होता. ऐनवेळी महापौरांनी चार छोटे मागितले. खर्च जास्त, देखभाल जास्त, फायदा काहीच नाही. मी सोलापूर जिल्ह्यातला. वडील नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते, म्हणजे कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं त्याचा व्हॉल्व्ह फिरवणारे. गल्ली ठरवायचे नगरसेवक. निवडणूक जवळ आली की टँकरवर कुणाचे फोटो चढतात, हे बघतच मी मोठा झालो. त्यामुळे चार प्लँट म्हणताच मला चार वॉर्ड दिसायला लागले. युद्धात तिथे निवडणुका थांबल्यात, असं लिमने सांगितलं. माझं समाधान झालं नाही.

मी चौकशी सुरू केली. प्लँटचे पैसे देणाऱ्या संस्थेला विचारलं, पोलंडमधल्या एजंटला विचारलं, नेटवर सापडेल ते वाचलं. माणूस मूळचा व्यापारी. दोनदा पक्ष बदललेला. युद्धाच्या सुरुवातीला शहर सोडून पळाला नाही, म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेला. आता राजधानीशी त्याचं बिनसलं होतं आणि त्याच्या जागी लष्करी प्रशासक येणार अशी कुणकुण होती. एजंट म्हणाला, जपून.

पुढच्या कॉलला महापौर सरळ मुद्द्यावर आले. त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा बरं होतं.

"तुम्हाला माझा संशय येतो. राजधानीला येतो, माझ्या कौन्सिललाही येतो. हरकत नाही. जागा सोडून काहीही विचारा."

मग मी एकदाचं विचारलं, एकच मोठा प्लँट का नको?

"एक असला तर एका ड्रोनचं काम," ते म्हणाले. "आणि फोटो कुणाकुणाच्या हातात जातो, ते मला कळत नाही."

मी ओशाळलो. गाव मॅपवर नसलं तर भांडणारी माणसं आम्ही. मॅपवर असण्याची भीती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मग फोन हातात धरून ते स्वतः पहिल्या जागी, गाड्या ठेवायच्या एका तळघरात उतरले. पाया दाखवला, त्यावर टेप लावून मापं दाखवली, दिवा लावून वीज दाखवली, पाणी आत घ्यायचे आणि बाहेर सोडायचे पाइप दाखवले. बाकीच्या तीन जागा पुढच्या काही दिवसांत दाखवल्या. तरी माझा स्वभाव जाईना. एकच तळघर चारदा दाखवत नसतील कशावरून? पाये सगळे सारखेच दिसतात, छत मात्र प्रत्येक इमारतीचं वेगळं, म्हणून मी दर वेळी छत दाखवायला सांगत होतो. चौथ्या जागी त्यांनी न सांगताच फोन वर केला.

मी सही केली. प्लँट जहाजावर चढले, आणि ते वाटेत असतानाच महापौरांचे अधिकार काढून घेतले गेले. "सी? आय टोल्ड यू," लिम म्हणाला. माझी झोप उडाली.

कंटेनर तिकडच्या डेपोत पोचले आणि पडून राहिले. थंडी वाढत होती. मग नव्या प्रशासकांचा कॉल आला. चार जागा कुठे आहेत, हे त्यांनी आम्हाला विचारलं; त्यांच्या कागदांत त्या कुठेच नव्हत्या. आम्हाला माहीत नाही, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. कंपनी काहीतरी लपवतेय, अशा सुरात ते बोलायला लागले. मी म्हटलं, महापौरांना विचारलंत का? त्यांनी कॉल बंद केला.

त्यानंतर आठवडाभरात पहिला प्लँट सुरू झाला. स्क्रीनवर प्रशासक होते आणि त्यांच्या मागे, नळापाशी, माजी महापौर. त्यांनी ग्लास भरला आणि आधी स्वतः प्यायले. प्रशासक बाजूला गेल्यावर मी विचारलं, तुम्ही जागा सांगितल्या का नाहीत?

"मी प्रशासकांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होतो," ते म्हणाले. "ते रोज माझ्या दारावरून जायचे. विचारलं मात्र सिंगापूरला."

आज ते तिथे पाण्याचे सल्लागार आहेत. लिमच्या मते हा सगळा त्यांचा डाव होता; खुर्ची गेली, पण व्हॉल्व्ह हातात ठेवला. नसेलच असं मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण चार प्लँट कशाला, हे मीसुद्धा पोलंडपर्यंत विचारून आलो होतो आणि ज्याने मागितले त्याला सगळ्यात शेवटी विचारलं होतं. आता शंका आली की मी आधी त्याच माणसाला फोन लावतो. मग छत दाखवायला सांगतो.