दोन्ही बाजूंनी बोलणारी पोरगी

आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला लागल्यापासून माझ्याकडे नोट्सपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. दोष माझा नाही. कॉलेज खालापूरकडे हायवेला लागून, घर कडावला, आणि आमच्या भागात कुणी नवं काही करायला लागलं की पहिला प्रश्न येतो, "ह्याच्यात हिचा काय फायदा?"

त्यात आमच्या घरात एक बॉर्डर डिस्प्यूट आधीच चालू! अप्पा आणि धाकटा काका यांच्या शेतांमधला बांध. अप्पा म्हणतात काकाने सरकवला, काका म्हणतो तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. घरं एका भिंतीची, पण बोलणं बंद. दोघांनी एकदा तरी एकमेकांशी बोलावं, एवढंच मला मनापासून हवं होतं.

* * *

माझी ॲडमिशन झाल्याचं कळलं तेव्हा काका आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने काकूला म्हणाला, "आंतरराष्ट्रीय म्हनं! एका बांधासाठी दादानं पोरीला पार जगाचा कायदा शिकाया घातली!"

इकडून अप्पा आईला तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "घाबारला बग."

* * *

नाक्यावरच्या किराणावाल्या भाऊंनी एकदा माझी उलटतपासणीच घेतली.

"तुमच्या त्या जगाच्या कोर्टानं निकाल दिला, आन् समोरच्या देशानं नाय पाळला तर?"

"मग बाकीचे देश तीव्र नाराजी व्यक्त करतात."

भाऊंनी साखरेची पुडी बांधता बांधता माझ्याकडे नीट पाहिलं. "ती तर आमी पन करतो गं. त्यासाठी कॉलेजला जावं लागतं?"

* * *

कॉलेजातही फार वेगळं नाही. सर शिकवत होते की दोन देशांमधले करार गुड फेथवर, म्हणजे परस्परांच्या सद्‌भावावर चालतात. मला हसू फुटलं.

"काय झालं?"

"सर, आमच्याकडे शेजारच्या शेतवाल्याने सकाळी राम राम घातला, तरी आम्ही आधी बांध बघून येतो!"

पुढच्या सेमिनारमध्ये सरांनी हेच वाक्य पाहुण्यांसमोर असं काही टाकलं, की जणू त्यांचीच दहा एकर भातशेती आहे. तेव्हापासून माझाही सद्‌भावावरचा विश्वास उडाला.

* * *

मग आली मूट कोर्ट, म्हणजे खोट्या खटल्याची स्पर्धा. दोन काल्पनिक देश, मधे एक नदी, भांडण हद्दीचं. माझी पार्टनर श्वेता सरावाला घरी राहायला आली.

पहिल्या दिवशी मी ओटीवर उभी राहून गरजले, "जुनी हद्द तीच खरी हद्द! नंतर कुणी सरकवली म्हणून ती बदलत नाही!" अप्पांनी स्वतः चहा आणून दिला. असं याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तितक्याच जोरात, "इतकी वर्षं गप्प बसलात, म्हणजे ही हद्द तुम्हाला मान्यच होती!"

अप्पा ताडकन उठले. नेमकं तेव्हाच काकूने वालाचं बिरडं पाठवलं. तेही वाटीभर नाही, पातेलंभर!

"काय दिलं गं काकानं तुला?"

"अप्पा, स्पर्धेचा नियमच आहे. दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं."

"दोनी बाजूंनी बोलतो, त्याला आमच्यात दलाल म्हनत्यात."

बिरड्याला त्यांनी हात लावला नाही. आई आणि श्वेताने पातेलं पुसून खाल्लं. मला मात्र माझ्यामुळे भांडण आणखी चिघळणार याची आता खात्रीच झाली होती.

* * *

बांधाचा वाद मिटवायला सरकारी मोजणीवाले यायच्या आदल्या दिवशी मी शेताकडे गेले आणि जागीच थबकले. त्याच बांधावर अप्पा आणि काका शेजारी शेजारी बसलेले! तंबाखूची पुडी एक, डोकी जवळ. माझे डोळे भरून आले. पावलांचा आवाज न करता मी जवळ गेले.

काका म्हणत होता, "दादा, ती तुजं बी बोलती, माजं बी बोलती. मंग तिला सोताला काय पायजे?"

"तेच म्हनतोय मी," अप्पा म्हणाले. "हिचा डोळा दोनी शेतांवर हाय. उद्या मोजनीवाल्यांना माघारीच लावू."

तेवढ्यात मी दिसले.

"अप्पा, काका, मी कुणाच्याच बाजूची नाही हो!"

अप्पांनी काकाला कोपराने ढोसलं. "बग. आता तिसरी बाजू काढली."